देवळाबाहेरचा दगड आणि रानातला वाघ

श्रोतेहो,

गोव्याच्या खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्यांचे आज दोन तट पडलेले दिसतात. एकाच्या गळ्यात दुर्बीण असते आणि तो धनेशाच्या मागे जातो. दुसऱ्याच्या हातात वही असते आणि तो शिलालेख, वीरगळ म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड, जुनी देवळे शोधतो. माझे म्हणणे असे आहे की आपल्याकडे वन्यजीव आणि गावाचा इतिहास एकाच जागी नांदतात, म्हणून ते एकाच फेरीत आणि एकाच वहीत आले पाहिजेत.

आपण फोंड्यात बसलो आहोत, तेव्हा दुर्भाटपासूनच सुरुवात करतो. तिथल्या खाजनात पौष अमावास्येला होणारी मानगेथापणी, म्हणजे चिखलाच्या मगरीची पूजा, आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? हात फार थोडे वर आले. हाकेच्या अंतरावरचे पाहायचे राहून जाते, हे मला प्रत्येक सभेत दिसते. खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून मातीच्या बांधांनी राखलेली जमीन. भरतीला मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारे मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातले पाणी बाहेर जाते. बांध फुटला की खारे पाणी आत शिरते आणि भाताचे पीक जाते, म्हणून बांधाची डागडुजी ही साऱ्या गावाची चिंता असते. पण बांधावर काम करणारा माणूस खारफुटीच्या कडेला गुडघाभर चिखलात उभा असतो, आणि मांडवी व झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात मगरींचा वावर आहे. त्या मगरीला आपल्या लोकांनी काय उत्तर दिले? त्याच खाजनातला चिखल घेऊन त्यांनी मगर घडवली, तिच्या पाठीवर खवल्यांच्या जागी शिंपले बसवले आणि तिची पूजा केली. प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाला इथे खाऱ्या पाण्यात टिकलेली मगर दिसेल आणि इतिहासाच्या अभ्यासकाला शेतीची जुनी व्यवस्था दिसेल. चिखलातल्या त्या एका आकृतीत मात्र दोन्ही एकत्र आहेत.

वाघाचेही तसेच आहे. सत्तरी आणि सांगे तालुक्यांत दगडात कोरलेला वाघ वाघ्रो म्हणून पुजला जातो. गोव्यात वाघ राहतो की नुसता येऊन जातो, यावर वर्षानुवर्षे वाद झाले, आणि २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्याच्या क्षेत्रात गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृत सापडले. पुढे जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र राखीव क्षेत्र अधिसूचित करण्याचा आदेश दिला. या सगळ्या चर्चेत वाघ्रोच्या दगडांना पुरावा म्हणून कोणी फारसे विचारले नाही. मला ते दगड महत्त्वाचे वाटतात, कारण वाघाशी संबंध आल्याशिवाय कोणतेही गाव त्याला देव करीत नाही.

आता माझ्या मनातली खंत बोलतो. सत्तरीतल्या एका गावात, नाव सांगत नाही, देवळाबाहेर पिंपळाखाली एक गजलक्ष्मी होती. दोन्ही बाजूंचे हत्ती झिजून गेले होते, तरी सोंडा स्पष्ट ओळखू येत होत्या. सत्तरीत अशा मूर्तींना केळबाय म्हणतात. देवळाचा जीर्णोद्धार झाला, संगमरवर आला, पाराला सिमेंट लागले, आणि भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये म्हणून ती नदीत सोडण्यात आली. करणाऱ्यांची श्रद्धा खरी होती, त्यांचा राग मी धरत नाही. पण तो दगड गेला आणि त्याच्या आडोशाची राईही विरळ झाली, कारण देव हलला की झाडाला हात लावायची भीती उरत नाही. हेच मी आणखीही गावांत पाहिले आहे, आणि दर वेळी मला हळहळ वाटते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ सूचना थोडक्यात मांडतो. तांबडी सुर्ला येथे महादेवाचे कदंबकालीन देऊळ पाहायला जाल तेव्हा शेजारच्या ओहोळाकाठचे पक्षीही पाहा. कुशावतीच्या काठी पणसायमळ येथे जांभ्या दगडात कोरलेले वळू, हरणे आणि मोर आहेत. पुरातत्त्वज्ञांचे लक्ष तिथे १९९३ साली गेले, गावाला ती जागा आधीपासून माहीत होती. तिसवाडीतल्या करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात बदके पाहाल, तेव्हा याच गावचा ब्रह्मदेव सोळाव्या शतकात सत्तरीत नेला गेला आणि त्या जागेला ब्रह्मकरमळी हे नाव पडले, हेही ध्यानात ठेवा.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. तिच्यात झाडे आणि प्राणी यांच्या शेजारी देवराया, वाघ्रो, केळबाय, वीरगळ आणि मानगेथापणी यांचीही नोंद गावकऱ्यांच्याच तोंडून घ्यावी, छायाचित्रासह आणि जागेच्या खुणेसह. जीर्णोद्धाराचा ठराव होण्यापूर्वी ती नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडायला आपल्यापैकी कोण तयार आहे, त्यांनी आता खाली थांबावे. कोऱ्या नोंदपत्रकांचा गठ्ठा मी बरोबर आणला आहे.