न दिसणारी जखम

आज या सभागृहात बसलेल्या अनेकांच्या घरी मांजर आहे, त्यामुळे पहिली गोष्ट स्पष्ट करतो की, मांजराला दोष देण्यासाठी मी इथे उभा नाही. पोटभर दूधभात खाल्लेले मांजरही समोर हललेल्या जिवावर झेप घेते, कारण भूक आणि शिकारीची ऊर्मी या त्याच्या ठायी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला बोलायचे आहे ते त्या झेपेनंतरच्या काही तासांविषयी.

माझ्या पशुवैद्यकीय व्यवसायाच्या सुरुवातीच्या दिवसांत जुळे सोलापूर भागातून एक गृहस्थ मांजराच्या तोंडून सोडवलेली खार घेऊन आले होते. रक्त नव्हते, पाय धड होते, खार हातातून निसटण्याची धडपड करत होती. मी तिला वरवर पाहिले आणि ‘काही झालेले नाही, झाडावर सोडून द्या’ असे सांगितले. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली मेलेली सापडली. त्या गृहस्थांनी मला बोल लावला नाही, पण चूक माझीच होती. जखम दिसली नाही याचा अर्थ जखम नाही असा मी लावला होता.

मांजराचा सुळा सुईसारखा बारीक असतो. तो आत खोल जातो आणि बाहेर येताच वरची कातडी जवळजवळ मिटून जाते. म्हणून कुठे केसांचा एखादा झुबका लाळेने चिकटलेला दिसला, की तिथे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने केस उलट्या दिशेने विंचरून मी पाहतो. मानेवर, पाठीवर किंवा बगलेत टाचणीच्या टोकाएवढा लालसर ठिपका सापडतो, आणि बहुधा थोड्या अंतरावर त्याचा जोडीदारही असतो. त्या ठिपक्याच्या तळाशी मांजराच्या तोंडातले जंतू रुजलेले असतात. त्यांपैकी पाश्चुरेला मल्टोसिडा हे नाव शेतकरी कुटुंबांतल्या श्रोत्यांना ऐकून माहीत नसले, तरी त्याची करणी माहीत आहे, कारण ज्या घटसर्पासाठी आपण पावसाळ्याआधी गाईम्हशींना लस टोचून घेतो, तो याच जंतूच्या एका प्रकारामुळे होतो. जेमतेम 100 ग्रॅमच्या आसपास वजन असलेल्या खारीच्या किंवा त्याहून कितीतरी हलक्या मुनियाच्या रक्तात तो शिरला, तर दोन-तीन दिवसांत सारे संपते. म्हणून मांजराच्या तोंडात गेलेला प्राणी वरून ठणठणीत दिसला तरी त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे आणि योग्य प्रतिजैविक सुरू करावे. घरात उरलेल्या गोळीचा तुकडा देऊ नये, कारण माणसाच्या मात्रेचा अगदी लहान भागही या जिवाला झेपत नाही.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करायचे, ते अगदी थोडे आहे. प्राणी उचलताना त्याच्यावर टॉवेल टाका. पण आपल्या सोलापुरी टॉवेलचाच बिछाना खोक्यात घालू नका, कारण त्याच्या फासांत खारीची नखे आणि पक्ष्यांची बोटे अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत मुरगळतात. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा उत्तम. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून, झाकण लावून ते अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. मुलांना दाखवू नका, कुरवाळू नका. हातात गप्प बसलेली खार माणसाळलेली नसते, भीतीने गोठलेली असते. थंडीत कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एका कडेला ठेवावी, म्हणजे नको झाल्यास तिला दूर सरकता येते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र बाटलीची गरज नसते. पारा चाळिशीपार गेलेला असताना पत्र्याच्या खोलीत ठेवलेले खोके हीच भट्टी होते.

सर्वांत अवघड जाते ते लोकांना पाणी पाजण्यापासून थांबवणे. तहानलेल्याला पाणी देणे हे आपल्या संस्कारातच आहे, पण धक्क्यात असलेल्या जिवाच्या तोंडात ड्रॉपरने सोडलेले पाणी किंवा दूध फुप्फुसात उतरते. जखमेत हळदही भरू नये. ती जखमेचे तोंड झाकते आणि तेलात कालवलेली असेल तर पक्ष्याची पिसे चिकटून बसतात.

तुमचे हातही सांभाळा. चावा किंवा ओरखडा बसला, मग तो मांजराचा असो वा त्या प्राण्याचा, तर 15 मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवा आणि रेबीजच्या लसीविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. वटवाघूळ असेल तर उघड्या हाताने शिवूच नये.

घरट्यातून नुसते खाली पडलेले, मांजराने न धरलेले खारीचे पिल्लू उबदार ठेवून त्याच झाडाला टांगलेल्या छोट्या टोपलीत ठेवले, तर आई पुष्कळदा त्याला उचलून नेते. मांजराने धरलेल्या पिल्लाला मात्र आधी औषध, मग आई. यांतले कोणतेही वन्य पिल्लू हौसेने पाळायचे नाही; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न तिथे येतो. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

बरी झालेली खार जिथे सापडली तिथेच, सकाळी, ऊन चढण्याआधी सोडावी, आणि तो सगळा दिवस आपले मांजर घरात कोंडून ठेवावे.