बैठकीतला फ्रीज

(गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, २० डिसेंबरला, वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, दिवसभर वेचणी करून आलात, तेव्हा फार ताणत नाही. कापसाच्या गंजीशेजारी झोपणाऱ्यांच्या अंगाला या दिवसांत किती खाज सुटते ते मला माहीत आहे. आमच्याही घरी लहानपणी कापूस आत असायचा आणि माणसं ओसरीत.

इथं यायच्या आधी एका घरी चहा घेतला. घर नवं, स्लॅबचं. रस्त्याकडच्या भिंतीला खालून वरपर्यंत टाइल्स. बाकी तीन बाजूंना अजून प्लास्टर नाही, विटा उघड्या. आत शिरल्या शिरल्या बैठकीत फ्रीज. वर विणलेला रुमाल, दारावरचं प्लास्टिक तसंच. माउलीला सहज विचारलं, स्वयंपाकघरात जागा नाही का? ती म्हणाली, "जागा हाय ना सर. पण तिथं ठेवला तर दिसन कोनाले?"

मी हसलो. मग आठवलं, आमच्याही शोकेसमध्ये एक डिनर सेट आहे. पंचवीस वर्षं झाली, त्यात कोणी जेवलेलं नाही.

त्या माउलीला लग्नाचा मुलगा आहे. उद्या मुलीकडचे आले तर ते बैठकीत बसतील, चुलीपाशी नाही. पाच-दहा मिनिटांत त्यांना या घराची ऐपत ठरवायची असते. सातबारा कोणी मागत नाही, बँकेचं पासबुक दाखवा म्हणत नाही. नजर फिरते आणि टाइल्सवर, फ्रीजवर, दारातल्या गाडीवर थांबते. कृषी केंद्रवालाही उधारीवर खत देताना हेच बघतो. ज्याचं घर पडकं त्याला "पैसे आणा, मग बॅग न्या." म्हणजे तो फ्रीज भाजी गार ठेवायला घेतलेलाच नाही. तो पत असल्याचा दाखला आहे. हप्ते फेडून मिळवलेला, पण दाखला.

म्हणून "लोक फार दिखाऊ झाले" असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही. दिखाव्याला इथं भाव आहे, म्हणून माणूस दिखावा करतो.

सोयरिकीचंच घ्या. चार एकरवाला बाप, आयुष्य वावरात गेलेलं, मुलीसाठी स्थळ बघताना म्हणतो, "पोरगा नोकरीवर पाहिजे." आणि लगेच पुढे, "मागं शेती किती हाय?" शेती पाहिजे, शेतकरी नको. यावर आपण सगळे हसतो. पण तो बाप मूर्ख नाही, त्याला हिशेब येतो. तीन एकर कोरडवाहू, एकरी पाच क्विंटल कापूस धरा, बोंडअळी आली नाही असंही धरा. पंधरा क्विंटल. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. झाले १,२१,६५०. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचाई काढा. आणि तोळाभर सोनं आज लाखाच्या वर आहे. जुने लोक सांगतात, एक क्विंटल कापूस विकला की तोळाभर सोनं यायचं. आता वर्षभराचं पीक सराफाच्या तराजूत टाकलं तरी मंगळसूत्र पुरं होईल का, शंकाच आहे. तरी पत्रिका छापताना आपण तोळ्यांचंच बोलतो. कापसाचा भाव पडला, तोळ्यांची अपेक्षा पडली नाही.

शेतकरी लग्नात उधळतो म्हणून बुडतो, हे वाक्य फार जुनं आहे, आणि बहुतेक पगारदारच ते बोलतो. मीही तीस वर्षं पगारदार होतो, बोललो असेन. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले, कर्जाचे कागद जाळले. पुढे सरकारनं आयोग नेमला. इंग्रज सरकारचा आयोग, शेतकऱ्यांची बाजू घ्यायला बसलेला नव्हता. त्यानंही लिहून ठेवलं की कर्जाचं कारण म्हणून लग्नखर्चाला नको इतकं महत्त्व दिलं गेलंय; ऐपतीच्या मानानं खर्च जास्त दिसतो, पण असे प्रसंग क्वचित येतात.

क्वचित येतात, हे तेव्हाचं. आता साक्षगंध बघा. पूर्वी अंगणात चटया, कुंकू, साडी, पोहे-चहा, संपलं. आता साक्षगंधाला लॉन, स्टेज, फोटोवाला, पाचशे पानं. हळदीला पिवळे कपडे सगळ्या घराला. मग लग्न. मग पोराचा पहिला वाढदिवस, चौकात बॅनरसकट. तेरवीलाही आता गोडाचे दोन प्रकार लागतात. मेलेल्या माणसाच्या नावानं जेवताना "पुरी गरम नव्हती" म्हणणारे मी या कानांनी ऐकलेत.

"साधं करा" म्हणणं सोपं आहे. पण साधेपणासुद्धा सगळ्यांना सारखा परवडत नाही. प्राध्यापकाच्या मुलानं कोर्टात लग्न केलं की पेपरात येतं, आदर्श विवाह. सालदाराच्या पोरानं तेच केलं तर गाव म्हणतं, "होतंच काय त्याच्यापाशी?"

आज ज्यांचा दिवस आहे ते गाडगेबाबा तर आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातले. तेव्हा ते डेबूजी होते, दापुऱ्याला मामाच्या शेतात राबायचे. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत घालायची रीत होती. त्यांनी गोडाचं जेवण घातलं. ही गोष्ट आपण दरवर्षी सांगतो आणि "बघा, गरीब असून केलं" म्हणून थांबतो. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोठी वाटते. त्यांनी पंगत मोडली नाही. सोयऱ्यांना बोलावलं, बसवलं, वाढलं. पाहुण्याचा मान ठेवून पानातलं बदललं. नुसतं "खर्च बंद" म्हणणाऱ्यांना हे जमत नाही, कारण त्यात समोरच्याचा मान जातो आणि माणूस चिडतो.

आता माझं सांगतो. मोठ्या मुलीचं लग्न मी तालुक्याच्या लॉनमध्ये केलं. गोडाचे तीन प्रकार, डीजे, सगळं. फंडातून काढले, मला जड गेलं नाही. दोन वर्षांनी गावातल्या एका चार एकरवाल्यानं त्याच लॉनमध्ये लग्न लावलं. धुऱ्यालगतचा एक एकर विकून. मी विचारलं, एवढं कशाला? तो म्हणाला, "सर, तुमच्याकडं पाहूनच तं ठरवलं. तुम्ही जिथं केलं, तिथंच करू म्हटलं."

त्या एकरात आता दुसऱ्याची तूर उभी आहे. मी त्या धुऱ्यावरून जात नाही, थोडा लांबचा रस्ता पडतो.

धाकट्या मुलाचं उन्हाळ्यात ठरेल. मी घरी सांगितलंय, अंगणात करू, दोनशे माणसं, वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी. मुलगा तयार आहे. त्याची आई म्हणते, "पोरीचं लॉनमध्ये केलं अन् पोराचं अंगणात? लोक म्हणतीन, सराची पेन्शन बंद झाली." रविवारी तिचे दोन्ही भाऊ येणार आहेत बोलायला.