खाकी पाकिटातला मोबाईल

पावसाळ्यात मुंबईतल्या एखाद्या जुन्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल रूममध्ये शिरलात की कुठे आलोय ते आधी नाकाला कळतं, ओले कागद, गंजलेलं लोखंड, लाख. फळीवर चाकू, कपड्यांची गाठोडी आणि त्यांच्याच शेजारी एक खाकी पाकीट, आत मोबाईल. लेबलवर गुन्हा नंबर, तारीख, आयएमईआय म्हणजे मोबाईलचा ओळख क्रमांक, पंचांच्या सह्या.

चाकूचं बरं असतं, पडून राहिला तरी चाकूच राहतो. मोबाईल जप्त केला आणि नेटवर्क चालूच राहिलं तर कुणीतरी लांबून डेटा पुसू शकतो, म्हणून फ्लाइट मोड, नाहीतर सिग्नल अडवणारी फॅराडे बॅग. पण बॅगेत तो नेटवर्क शोधत बसतो, बॅटरी पटापट उतरते आणि एकदा बंद पडला की परत उघडायला पासवर्डच लागतो, बोट लावून भागत नाही. हॅकरची धास्ती सगळ्यांनाच असते, पण मला विचाराल तर ‘बघू तरी काय आहे’ म्हणून गॅलरी उघडणारा आपलाच माणूस जास्त घात करतो.

तिथून पाकीट निघतं कलिनाच्या लॅबला, पोलीस अजून ‘सीएला’, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरला, ‘पाठवलं’ असंच म्हणतात. हार्ड डिस्क असेल तर मध्ये राइट ब्लॉकर लावतात, म्हणजे वाचता येतं, लिहिता येत नाही, मग बिट टू बिट कॉपी आणि तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या डेटावरून गणिताने निघणारा त्याचा ठसा. ही स्क्रीनवर दिसतेय ना, आकडे-अक्षरं मिळून 64, ती एसएचए-256. फाइलमधला एक स्वल्पविराम काढा, अख्खी ओळ बदलते. मोबाईलची भानगड वेगळी, त्याची मेमरी आतल्या आत हलत असते, दोनदा डेटा काढला तर हॅश दोन वेगळ्या येऊ शकतात, म्हणून काढलेल्या फाइलची हॅश तिथल्या तिथे लिहून घ्यायची.

1 जुलै 2024 ला भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या त्याच्या कलम 63 च्या सर्टिफिकेटमध्ये ही हॅश भरावी लागते, एक्स्पर्टची सहीपण. सर्टिफिकेटचं दुखणं जुनंच आहे. जालन्याच्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, यावरून निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं कॅमेऱ्याचं फुटेज पुढे आलं, सर्टिफिकेट काही मिळेना, आणि खोतकर-गोरंट्याल या दोन उमेदवारांमधला वाद पोचला सुप्रीम कोर्टात. 2020 चा निकाल सरळ होता, मूळ यंत्र कोर्टात आणत नसाल तर सर्टिफिकेट लागणारच.

मग वर्षं जातात. केस बोर्डावर येते, तारीख पडते, परत येते. सीडीला बुरशी धरते, वीज न मिळालेली फ्लॅश मेमरी हळूहळू विसरायला लागते, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता हे तळमजल्यावर कपाट ठेवणाऱ्याला कुणीतरी आठवण करून द्यायला हवी. दोन कॉपी, दोन जागी, वर्षातून एकदा हॅश ताडून बघायची, एवढंच काम आहे, पण मुद्देमाल कारकुनाची बदली झाली की तेवढंच राहून जातं.

किला कोर्ट. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हवालदार. बचावाचे वकील हॅशबद्दल चकार शब्द काढत नाहीत, चष्मा पुसत एवढंच विचारतात, "मोबाईल तुम्ही 9 तारखेला ठाण्यातून नेलात, लॅबची पोच 12 ची आहे. मधले तीन दिवस पाकीट कुठे होतं हो?"

हवालदार रजिस्टरची पानं उलटतोय.