पडीक रानातलं नाताळचं झाड

[दृश्य: एप्रिलची सकाळ. ओलसर उतार, मागच्या वर्षीचं वाळकं गवत. दोन हात खड्ड्यात रोप सोडताना.]

खड्डा फार मोठा नको, मुळं मावतील एवढाच. पण मुळं त्यात सरळ खाली गेली पाहिजेत. रोप घाईनं कोंबलं, की मुळांची टोकं गळासारखी वर वळतात आणि वरून ते कुणाला दिसतही नाही. रोप हिरवं राहतं, मग रेंगाळतं, आणि का रेंगाळलं ते कळेपर्यंत दोन-तीन वर्षं गेलेली असतात. म्हणून हे हात नीट बघा. रोप आधी जरा जास्तच खोल सोडलं. मग अलगद वर ओढून घेतलं, तशी मुळं सुटी झाली, सरळ झाली. आता माती लोटायची आणि टाचेनं दाबायची.

एक झालं. आज असे दोनशे खड्डे आहेत.

[दृश्य: डोंगरउतारावर हिरव्या शंकूंच्या रांगा.]

हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचा वायव्य कोपरा, ॲश काउंटी. ॲपलाचियन डोंगरांतला मुलूख. इथली बरीचशी शेतं तीन हजार फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा खालीच, पण अक्षांश ३६ च्या वर, त्यामुळे हिवाळ्यात बर्फ ठरलेला. पूर्वी या उतारांवर गुरं चरायची, तंबाखू व्हायची. आज अमेरिकेत नाताळच्या झाडांच्या उत्पादनात ऑरेगॉनच्या खालोखाल या राज्याचा नंबर लागतो, आणि राज्यात ॲश काउंटी सगळ्यांत पुढे.

झाड एकच, फ्रेझर फर. आपल्याकडे रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत मिळतो तो बहुतेक वेळा अरोकेरिया असतो. तो दक्षिण गोलार्धातला, त्याचं घराणंच वेगळं. फ्रेझर फर मूळचा याच डोंगरांतला. अठराव्या शतकात जॉन फ्रेझर नावाचा स्कॉटिश वनस्पतीसंग्राहक इथे फिरला, त्याचं नाव या झाडाला मिळालं. पानं मऊ, वरून गडद हिरवी, खालून चंदेरी. तोडल्यावरही कितीतरी आठवडे गळत नाहीत. फांद्या अशा ताठ, की काचेचे गोळे टांगले तरी वाकत नाहीत. दिवाणखान्यात महिनाभर उभं राहायला याहून चांगलं झाड मला तरी माहीत नाही.

मोठ्या मळ्यांवर भरपूर बोललं गेलंय. आपण बोलणार आहोत घरामागच्या तुकड्याबद्दल. एक एकर, दोन एकर. गुरं गेली, मुलं शहरात गेली आणि नुसतं गवत कापायचं काम उरलं, अशी जमीन.

आधी हा धंदा सुरू कसा झाला ते बघू. १८५१ साली मार्क कार नावाच्या माणसानं कॅट्स्किल डोंगरातली झाडं बैलांनी ओढायच्या दोन घसरगाड्यांवर लादून न्यूयॉर्कच्या बाजारात नेली आणि विकली. तेव्हापासून पन्नास वर्षं लोक जंगलातूनच झाडं तोडत राहिले. मग १९०१ मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटनजवळ मॅकगॅलिअर्ड नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या रानात नॉर्वे स्प्रूसची २५,००० रोपं लावली. नाताळसाठी झाडांची शेती करायची, हे अमेरिकेत पहिल्यांदा त्यानं करून दाखवलं. पहिली विक्री १९०८ मध्ये, झाडामागे एक डॉलर. पुढे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीही न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कच्या आपल्या जमिनीत नाताळची झाडं लावली. मतदानाला गेल्यावर व्यवसाय विचारला, की ते ‘झाडं लावणारा’ असं सांगायचे. मला हे उत्तर फार आवडतं.

[दृश्य: उताराचा खालचा भाग. पाणी साचलेलं. तीन-चार तांबूस पडलेली झाडं.]

आता जरा थांबू. ही तांबूस झाडं बघा. ही तहानेनं मेली नाहीत, पाण्यानं मेली. फायटोफ्थोरा नावाची मूळकूज. ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत ती शिरते, मुळं सडवते, आणि एकदा शिरली की त्या जागेतून जात नाही. त्याच खड्ड्यात पुन्हा फ्रेझर लावला, तर तोही जाणार. औषध मारून लागण झालेलं झाड परत आणता येत नाही.

म्हणून जमीन रिकामी आहे, एवढ्यावर उडी घेऊ नये. बऱ्याचदा ती रिकामी राहिलेली असते कारण ती पाणथळ असते. मुसळधार पावसानंतर दोन दिवसांनी रानात चालून या. बूट जिथे रुततो, तिथे फ्रेझर नको. सगळ्यात खालची खोलगट जागाही नको, कारण थंड हवा रात्री पाण्यासारखी उतरते आणि तळाशी साचते. मे महिन्यात कोवळी फूट आलेली असते, आणि एका रात्रीच्या गोठलेल्या दहिवरानं ती करपते. लावण्याआधी माती तपासून घ्यायची. आम्लता किती ते कळलं, की चुना किती घालायचा ते ठरतं.

ओलीची जमीन असेल तर दुसरा रस्ता आहे. तुर्कस्तानचा फर ही कूज बऱ्यापैकी सोसतो. शिवाय जपानच्या मोमी फरच्या खुंटावर फ्रेझरचं कलम बांधतात. नाशकाच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगायला नको. डॉगरिज जातीच्या वेलाच्या खुंटावर तो हेच करत आलाय.

[दृश्य: जुलै. छातीएवढं झाड. माणसाच्या हातात लांब, पातळ पात्याची सुरी, पायाला संरक्षक पट्टी.]

हे काम या सगळ्या वर्षांचा जीव आहे. नाताळच्या झाडाचा तो सुबक शंकू निसर्गानं तसाच दिलेला नसतो. मोकळं सोडलं तर फ्रेझर उंच जातो, मधे मधे विरळ राहतो. रोप लावल्यावर दोन-तीन वर्षांनी छाटणी सुरू होते आणि मग दर उन्हाळ्यात.

आधी शेंडा. तो फूटभर ठेवायचा आणि एका चांगल्या डोळ्याच्या जरा वर कापायचा. दोन शेंडे जोर करत असतील तर एक काढायचा. मग बाजू. सुरी वरून खाली, एका लयीत, झाडाभोवती फिरत. कापलेल्या टोकामागचे डोळे पुढच्या वसंतात फुटतात आणि झाड भरतं. पायाची पट्टी शोभेची नाही. घसरलेली सुरी थेट गुडघ्यावर येते.

आता हिशेब करू. पाच बाय पाच फुटांवर लावलं तर एकरात १,७४२ झाडं बसतात. वाट सोडली, काही मेली, तरी दीड हजार धरा. एका झाडाला तीन मिनिटं. ७५ तास. नुसती एक छाटणी, एका उन्हाळ्याची. त्यात गवत काढणं नाही, मेच्या सुमारास फांद्यांवर ताठ उभे राहिलेले बियांचे कोवळे शंकू एकेक करून खुडणं नाही, खोडावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात का ते बघणं नाही.

ते ठिपके मात्र बघितलेच पाहिजेत. ती माव्याच्या जवळची एक कीड, युरोपातून आलेली. १९५७ मध्ये इथल्याच माउंट मिचेल शिखरावर ती सापडली आणि पुढच्या काही दशकांत शिखरांवरचे जुने फ्रेझर फर तिनं उभेच्या उभे वाळवले. त्या उंचीवर आजही राखाडी सांगाडे दिसतात. ज्या झाडाच्या इथे एवढ्या रांगा आहेत, ते आपल्या मूळ घरात जगण्यासाठी झगडतंय, हे बघून मला वाईट वाटतं.

म्हणून मी स्पष्टच सांगते. जमीन मोकळी आहे म्हणून सगळी एकदम भरू नका. दरवर्षी दोनशे रोपं लावा. रोप रोपवाटिकेत चार-पाच वर्षं वाढलेलं येतं. रानात लावल्यावर सहा-सात फूट व्हायला आणखी सात-आठ वर्षं. दरवर्षी दोनशे लावली, तर आठव्या वर्षापासून दरवर्षी तेवढीच तयार होत राहतात, आणि दोन माणसांच्या हातांना ती झेपतात. तोवर पैसा येत नाही. फार तर खालच्या फांद्यांची तोरणं, दाराला लावायची गोल वर्तुळं, एवढंच विकता येतं. पोटापाण्याचं दुसरं काही हवं.

आणि भाव? लावताना तो कुणालाच ठाऊक नसतो. या शतकाच्या सुरुवातीला सगळ्यांनीच लावलं, माल फार झाला, भाव पडले. मग २००८ ची मंदी आली आणि रोपं लावणंच कमी झालं. त्याचा परिणाम दिसला २०१६-१७ च्या सुमारास. झाडं कमी पडली आणि भाव चढले. लोक वैतागले, पण ती टंचाई आठ-दहा वर्षांपूर्वीच लागवडीत ठरून गेली होती. त्यात अमेरिकेतल्या बहुतेक घरांत आता प्लास्टिकचं झाड असतं. खरं झाड मागणारं गिऱ्हाईक आहे, पण ते जपावं लागतं.

[दृश्य: सप्टेंबर २०२४. खचलेला उतार, तुटलेला रस्ता.]

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन वादळ या डोंगरांवरून गेलं. रस्ते आणि पूल वाहून गेले. काही शेतांत दरड कोसळली आणि वर्षानुवर्षं छाटलेली झाडं मातीसकट खाली आली. विक्रीला जेमतेम दोन महिने उरले होते. तरी त्या नाताळात व्हाइट हाउसमध्ये जे झाड उभं राहिलं, ते जवळच्याच एव्हरी काउंटीतलं फ्रेझर फर होतं.

[दृश्य: नोव्हेंबरचा शेवट. फाटकापाशी गाड्या. मुलं रांगांमधून धावताना.]

छोट्या मळ्याला घाऊक व्यापाऱ्याच्या मागे लागायची गरज नसते. गिऱ्हाईक स्वतः येतं, रांगांतून फिरतं, झाड निवडतं आणि जमिनीवर आडवं होऊन करवतीनं कापतं. शेतकरी ते झटकून देतो, म्हणजे वाळकी पानं पडून जातात. मग जाळीच्या नळकांड्यातून ओढतो, फांद्या मिटतात आणि झाड गाडीच्या टपावर बसतं.

पण सोडण्याआधी तो गिऱ्हाइकाला थांबवतो. घरी गेल्यावर बुंध्याची बोटाच्या पेराएवढी चकती पुन्हा कापायची, कारण राळेनं तोंड बंद होतं. लगेच पाण्यात ठेवायचं. हीटरपासून लांब. पहिल्या रात्री झाड खूप पाणी पितं. सकाळी भांडं रिकामं दिसलं तर घाबरू नका, पुन्हा भरा.