चित्रं आपल्याकडे, नियम त्यांच्याकडे

नमस्कार श्रोतेहो. हजारो माणसं एकाच वेळी ज्या काल्पनिक जगात वावरतात, आपापलं पात्र वर्षानुवर्षं वाढवत बसतात, असे ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम टिकतात तरी किती? 'अल्टिमा ऑनलाइन' सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाला, तो आजही चालू आहे. 'एव्हरक्वेस्ट' मार्च १९९९ चा, तोही चालू आहे. आणि 'टॅब्युला रासा' नोव्हेंबर २००७ मध्ये आला नि फेब्रुवारी २००९ अखेर गेला. सोळा महिनेही भरले नाहीत. तेव्हा वयाचा संबंध थोडाच. देखण्या ग्राफिक्सचा तर त्याहून कमी. अल्टिमापेक्षा आज फोनवरचा फुकटचा गेमसुद्धा चकचकीत दिसतो.

खरा संबंध गट जमण्याशी आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधल्या साध्या डंजनला, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या बंदिस्त मोहिमेला, पाच जण लागतात: मार झेलणारा टँक एक, जखमा भरणारा हीलर एक आणि मारणारे तीन. सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गेमच्या एका प्रतीत, हजार माणसं असली तरी तुमच्या वेळेला, तुमच्या लेव्हलची किती? त्यात टँक व्हायला तयार किती? गट जमायला दहा मिनिटांऐवजी तासभर लागू लागला की माणसं कंटाळून जातात, आणि ती गेली की उरलेल्यांना दोन तास थांबावं लागतं. उतरण लागते ती इथून. म्हणून जगभरात एकूण खेळाडू किती, हा आकडा बघू नका. तुमच्या सर्व्हरवर, तुमच्या वेळेला गट जमतोय का, ते बघा.

'वाइल्डस्टार'चं उदाहरण घ्या. जून २०१४ मध्ये आला तो चाळीस-चाळीस जणांच्या रेड, म्हणजे मोठ्या सामूहिक मोहिमा, घेऊन, आणि त्या रेडमध्ये शिरण्याआधी पूर्ण करायची कामांची लांबलचक यादी. चाळीस माणसं ठरल्या वेळी एकत्र आणणं लग्नाची पंगत वेळेवर बसवण्याइतकंच कठीण! त्याच वर्षी सर्व्हर एकत्र करावे लागले, सप्टेंबर २०१५ मध्ये गेम फुकट झाला, नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद. आधी सर्व्हरचं विलीनीकरण, मग 'आता फुकट खेळा', मग शांतता. हा क्रम लक्षात ठेवा, पुन्हा सांगतो: विलीनीकरण, फुकट, शांतता. फुकट झालेला प्रत्येक गेम मरतोच असं नाही, पण तिथून पुढे डोळे उघडे ठेवावेत.

मात्र गट जमत असतानाही गेम बंद पडू शकतो. 'सिटी ऑफ हीरोज'ची गोष्ट त्यासाठीच सांगायची.

एप्रिल २००४ मध्ये सुरू झालेला हा सुपरहिरोंचा गेम. शहराचं नाव पॅरागॉन सिटी. पोशाख तयार करायची सोय इतकी मोकळी, की कित्येक जण लढण्यापेक्षा शिवणकामातच रात्र काढत. (आता बघा, एकेक झगा वेगळे पैसे मोजून घ्यायचा! गेमची दुकानं झाली आहेत, आणि रोज हजेरी लावली की बक्षीस देणारे गेम तर मला कामावर कार्ड पंच केल्यासारखे वाटतात. असो.) ३१ ऑगस्ट २०१२ ला जाहीर झालं, की कोरियन मालक कंपनी एनसीसॉफ्ट हा गेम बनवणारा कॅलिफोर्नियातला स्टुडिओ बंद करते आहे आणि गेमही. खेळाडूंनी हजारो सह्यांचा अर्ज केला. सप्टेंबरमध्ये गेममधल्याच अ‍ॅटलस पार्कमध्ये, खांद्यावर पृथ्वी पेललेल्या त्या पुतळ्याभोवती, हातात मशाली घेऊन सभा भरवली. गर्दी इतकी, की सर्व्हरला त्या चौकाच्या प्रतीमागून प्रती उघडाव्या लागल्या. उपयोग झाला नाही. ३० नोव्हेंबर २०१२ ला गेम बंद.

पण मधल्या तीन महिन्यांत जाणकार मंडळी गप्प बसली नव्हती. अशा गेममध्ये शहर, माणसं, कपडे यांची चित्रं तुमच्या कॉम्प्युटरवर असतात. घाव किती लागला, गुंड कुठे उभा राहणार, तुमची लेव्हल काय, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. चित्रं आपल्याकडे, नियम त्यांच्याकडे. तेव्हा चाहत्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. गेम चालू असताना तो आपल्या पात्राची माहिती, म्हणजे लेव्हल, शक्ती, बॅजेस, वाचून साध्या फाइलमध्ये उतरवून ठेवायचा. पोशाखाची फाइल तर गेममधूनच साठवता येत होती. २०१५ मध्ये त्यांनी 'पॅरागॉन चॅट' आणलं. त्यात शहरात हिंडता येई, गप्पा मारता येत, पण एकही गुंड अंगावर येत नसे. कारण तेच: नियम सर्व्हरवर, आणि सर्व्हर नाही.

आणि एप्रिल २०१९ मध्ये स्फोट झाला. मूळ सर्व्हरचा प्रोग्रॅम एका छोट्या टोळक्याच्या हाती होता आणि ते कित्येक वर्षं गुपचूप खेळत होते! बाकीचे चाहते पॅरागॉन चॅटमधल्या रिकाम्या रस्त्यांवर फिरताहेत आणि इकडे यांचे गुंड जिवंत. संताप किती झाला असेल, विचारू नका. काही दिवसांतच तो कोड सर्वांसमोर आला, 'होमकमिंग' नावाचे सर्व्हर उभे राहिले, आणि २०१२ पासून जपलेल्या पोशाखांच्या फाइली तिथे चक्क उघडल्या. जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने होमकमिंगला रीतसर परवाना दिला. ते देणगीवर चालतं. महिन्याचा खर्च भरला की देणगी घेणं थांबवतात. बंद पडलेला गेम मालकाच्या संमतीने परत आला, पण तो आला सर्व्हरचा प्रोग्रॅम कुणीतरी सांभाळला होता म्हणून. नुसत्या प्रेमावर आला नाही.

आता वेळ थोडा उरलाय, तर कामाचं. बंद होण्याची घोषणा झाली की त्या दिवसापासून एक पैसाही आत टाकू नका. आपोआप कापली जाणारी वर्गणी थांबवा, आणि कार्डवरचा आदेश बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन रद्द झाला का ते पाहा. नुसता गेम अनइन्स्टॉल करून वर्गणी थांबत नाही. विकत घेतलेली नाणी खर्च करून टाका, परतावा मिळणार असेल तर त्याची मुदत लिहून ठेवा. पात्राचे स्क्रीनशॉट घ्या: पोशाख, शक्ती, सामान यांचे वेगवेगळे. गिल्डच्या, म्हणजे गेममधल्या आपल्या कायमच्या गटाच्या, मित्रांचे गेमबाहेरचे पत्ते आधीच मागून घ्या, कारण मित्रांची यादीही सर्व्हरवरच असते. गेमचं फोल्डर पुसू नका, दुसऱ्या डिस्कवर त्याची एक प्रत ठेवा. आणि शेवटच्या रात्री हजर राहायचं असेल तर घड्याळ जुळवा. अमेरिकन कंपनीने पॅसिफिक वेळेची मध्यरात्र सांगितली असेल, तर आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशीची दुपार: त्यांच्या हिवाळी वेळेत दीड, उन्हाळी वेळेत साडेबारा.