दिवेलागणीला जाऊन पाहा

(आर्वी तालुक्यातल्या एका गावी, ग्रामपंचायतीच्या सभागृहात एका निवृत्त परिचारिकेनं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, मागं भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनी आधी पुढं यावं, पंख्याखाली बसावं. विषय त्यांचाच आहे: विसरण्याचा आजार झालेल्या म्हाताऱ्या माणसाला ठेवायची वेळ आली, तर जागा कशी पाहायची.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे बाई म्हणायचो. ७१ व्या वर्षी एका संध्याकाळी त्या गाय शोधायला निघाल्या. गाय विकून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. रात्री दोन वाजता नाल्यापलीकडं पऱ्हाटीत सापडल्या. पायात काटे, आणि तोंडात एकच, "कपिला कोठी गेली वं?" गाव म्हणालं, बुढीला चकवा लागला. कोणी म्हणालं, साठी बुद्धी नाठी. मी सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढलेली बाई, तरी वर्षभर मीही तेच धरून बसले. ते वर्ष हातचं गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

हा म्हातारचळ नाही, मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या दर शंभरांतल्या सातांहून जास्त माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचं दिसलं. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं, आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. म्हणून जागा शोधायच्या आधी तपासणी करा. बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, मन खचलेलं असलं, तरी माणूस विसरतो, आणि त्यावर उपचार आहेत. गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाला असेल तर लघवीतला संसर्ग असू शकतो, सोडियम उतरलेलं असू शकतं, पडून डोक्याला मार बसलेला असू शकतो. तेव्हा तर थांबूच नका. सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना आपल्याला काही लांब नाही. कान आणि मोतीबिंदूही दाखवून घ्या. ज्याला ऐकू येत नाही त्याला आपण फार लवकर वेडा ठरवतो.

आता जागेचं. आपण सगळ्यालाच वृद्धाश्रम म्हणतो, पण पुष्कळ वृद्धाश्रमांत स्वतःचं स्वतः करणारं माणूसच घेतात. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे आंघोळ, कपडे, औषधं यांत हात देणारी जागा. मेमरी केअर त्याच्या पुढची, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीची. तिथं दार सांभाळलेलं असतं, आणि माणूस रात्री तीनला उठून "घरी जायचं हाय" म्हणेल हे धरून माणसं नेमलेली असतात. अशा जागा नागपूर-पुण्याकडं. आपल्या तालुक्यात नाहीत, हे दुखणं आहेच.

आमची पहिली जागा माझ्या दिरांनी निवडली. ते शहरात राहतात, पैसे तेच देणार होते. मोबाईलवर फोटो आले: चकचकीत फरशी, बाग, देवघर. आम्ही सकाळी अकराला पाहायला गेलो. म्हाताऱ्या माणसांचं अकरा वाजता सगळीकडं बरंच चाललेलं असतं. आंघोळी झालेल्या, ऊन आलेलं, मॅनेजर इस्त्रीच्या कपड्यांत. आम्ही बाईंना ठेवून आलो. महिन्यानं माझे मालक न कळवता संध्याकाळी साडेसहाला गेले, तर बाई खुर्चीला ओढणीनं बांधलेल्या. "पडतात म्हणून," असं सांगितलं. जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले. शांत राहावं म्हणून गोळी सुरू केली होती आणि आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. अशा गोळ्या स्मृतिभ्रंशाच्या म्हाताऱ्या माणसात पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. कधी द्याव्या लागतात, मी नाही म्हणत नाही. पण का, किती दिवस, आणि बंद कधी, हे घरच्यांना सांगूनच.

त्या रात्री मी ठरवलं, पुढची जागा मी पाहणार. बाईंना रोज आंघोळ मी घालत होते. मायबहिणींनो, हे मी जीव तोडून सांगते. पैसे देणाऱ्यानं खुशाल सोबत यावं, पण जागा पाहायला, जिचे हात त्या माणसाच्या अंगाला रोज लागतात तीच गेली पाहिजे. बहुतेक घरांत ती सून असते, आणि तिलाच कोणी विचारत नाही. कोणत्या गुडघ्याला हात लावला की बाई ओरडतात, हे दिरांना कसं माहीत असणार?

आणि जा ते दिवेलागणीला. या आजारात पुष्कळ माणसं सूर्य कलला की बिथरतात. घरी जायचं म्हणतात, दार हलवतात, रडतात. तेव्हा तिथल्या मावश्या काय करतात, ते बसून पाहा. दहाव्यांदा तोच प्रश्न आला की आवाज चढतो का? जेवणं होईपर्यंत थांबा. भरवणारी उभ्यानं, घाईनं चमचा कोंबते, की समोर बसून, घास गिळला का ते पाहून पुढचा देते? या आजारात गिळणंही बिघडतं, अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. वरणात कुस्करलेली भाकरी देतात का, की मागतील त्यांनाही कोरडी पोळीच?

मी भिंती पाहत नाही, माणसं पाहते. नखं कापलेली आहेत का. ओठ कोरडे आहेत का. चष्मा ज्याचा त्याच्याच डोळ्यांवर आहे का आणि काच पुसलेली आहे का. जो अंथरुणाला खिळला आहे त्याच्या टाचा आणि माकडहाड. तिथली कातडी लाल असेल तर दर दोन तासांनी कूस बदलत नाहीत हे समजा. एका खोलीत लघवीचा वास आला तर आत्ताच कोणाचं झालं असेल. सगळ्या व्हरांड्यात येत असेल तर उठा आणि निघा. वजनाची वही मागा. दर महिन्याला वजन घेणारी जागा माणूस खंगतोय हे वेळेत ओळखते.

रात्री किती म्हाताऱ्यांमागं किती माणसं जागी असतात, हे विचारा. "असतात" म्हणजे उत्तर नव्हे, आकडा घ्या. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. वीज गेली तर कूलर कशावर चालतो? तहान लागली हे ज्याला कळत नाही, त्याला पाणी कोण आणि किती वेळा पाजतं? अटेंडंटला वऱ्हाडी समजते का, हेही विचारा. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी गळते, मायबोली मागं राहते. "मले पोटात मुरडा येते" हे ज्याला कळत नाही, तो औषध काय देणार?

पैशाचं थोडक्यात. आपल्या घरात पैसा कापूस-सोयाबीन विकल्यावर येतो, तिथली फी दर महिन्याला. डायपर, औषधं, डॉक्टर त्यात धरलेत का, आजार वाढल्यावर दर किती वाढेल, डिपॉझिट परत कसं मिळेल, सगळं लिहून घ्या. हा आजार वर्षानुवर्षं चालतो, एका हंगामाचा हिशेब पुरत नाही. आणि सात-बाऱ्यासाठी अंगठा उमटवून घेऊन मग म्हाताऱ्याला नेऊन सोडणं, हे मी या तालुक्यात पाहिलं आहे. ते पाप आहे. २००७ च्या कायद्यानं आई-वडलांना वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे, आणि निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं अर्ज करता येतो. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. घरच्यांचंच मन थकलं असेल तर टेली-मानस १४४१६. त्या नंबरवर बोलायला लाजू नका.

वेचणीच्या दिवसांत भेटायला कोण जाणार, तेही आधीच ठरवा. महिना-महिना कोणी न फिरकलेलं माणूस तिथल्यांच्याही नजरेतून उतरतं.

दुसऱ्या जागेच्या ताईंनी फीच्या आधी बाईंचंच विचारलं. किती वाजता उठतात, कशाला भितात, हाक काय मारायची. मी घरी येऊन दोन पानं लिहून दिली. चहात आलं नको. डावा गुडघा जपायचा. आंघोळीला आधी पायावर पाणी. तान्ह्या पोळ्याला पोरांच्या हातात द्यायला सुटे पैसे लागतात, नाहीतर रडतात. शेवटी लिहिलं, अंधार पडला की गाय विचारतील, गाईचं नाव कपिला.

आठवड्यानं मी दिवेलागणीला गेले, कोणाला न सांगता. बाई दाराशी उभ्या होत्या, कडी चाचपत. एक पोरसवदा अटेंडंट शेजारी उभी होती, हात न धरता. म्हणाली, "कपिला आली जी, बाई. वासरू पिऊन राह्यलं. चला, तंवर पाय धुऊन घेऊ."

बाई तिच्यासोबत आत गेल्या.