गावच्या ग्रुपवर कामाचा मेसेज टाकताना
(गावच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे सभासद, आणि हातातलं काम टाकून आलेली सगळी कारागीर मंडळी, जय गुरु.

विषय फळ्यावर लिहिलेला आहे. आपल्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साडेचारशे माणसं आहेत. त्यावर दिवसभर मोटर वाइंडिंग, बोअर, जेसीबी, रोटावेटर, मंडप, आचारी, फवारणी असे कामधंद्याचे मेसेज पडत असतात. या मेसेजला काही नियम असावेत, असं मी दोन वर्षांपासून सांगतो आहे. आज अर्धा तास मिळाला. नियम सांगणारच आहे, पण आधी सोयाबीनचं सांगतो. हे सगळं माझ्या मनात तिथूनच आलं.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. पाच एकरांचं सोयाबीन सोंगून वावरात गंजी लावलेली. वर ताडपत्री, तीही एका कोपऱ्याला फाटलेली. विजांसह पावसाचा अंदाज होता. आमचा नेहमीचा थ्रेशरवाला, म्हणजे मळणीचं मशीन चालवणारा, पलीकडच्या गावात अडकून पडलेला. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला, ‘थ्रेशर उपलब्ध. योग्य दर. त्वरित संपर्क साधा.’ खाली नंबर, जोडलेले दोन हात आणि एक ट्रॅक्टरचं चित्र. मी लगेच फोन लावला. समोरून आवाज आला, “चिंता नोका करू काकाजी, उद्या सकाळी सातले मशीन तुमच्या वावरात.” हजार रुपये ॲडव्हान्स मागितले, ते मी पाठवले.

सकाळी सातला मी, चार मजूर आणि दोन बाया धुऱ्यावर बसलो. नऊला फोन केला, “निघालो.” अकराला केला, “पट्टा तुटला ना बाप्पा, वेल्डिंगच्या दुकानात हाओ.” (हशा) हसा, पण पट्टा वेल्डिंगने जोडत नाहीत हे त्या वेळी माझ्याही ध्यानात आलं नाही, एवढा मी आशेवर होतो. दोनला फोन बंद. मजुरांची मजुरी द्यावीच लागली, त्यांचा दिवस गेलाच होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या रात्री पाऊस आला.

पाणी वरून कमी आणि खालून जास्त शिरलं. दोन दिवसांनी गंजी उपसली तेव्हा खालच्या थरातून वाफ निघत होती. हात घातला तर आत गरम. शेंगा हातात घेतल्या की आपोआप उकलायच्या आणि आत दाण्याला पांढरे मोड आलेले, अगदी कडधान्य भिजवून फडक्यात बांधल्यासारखे. बाजारात व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर पसरले, एक दाताखाली धरला आणि काही न बोलता मूठ पोत्यात परत टाकली. हमीभावाच्या खरेदीचा साधारण नियम दाण्यात जास्तीत जास्त १२ टक्के ओलाव्याचा आहे. माझा माल त्या काट्याजवळ न्यायच्या लायकीचा राहिला नव्हता.

पुढे चौकशी केली. त्या माणसाकडे मशीनच नव्हती, आदल्या वर्षीच विकली होती. आता तो नातेवाइकाच्या मशीनचं बुकिंग घ्यायचा, आणि ते मशीन दुसऱ्या तालुक्यात. मेसेज त्याचाच, पण दोन हंगामांपूर्वीचा. आपल्याच गावातल्या एका भल्या माणसाने माझी अडचण ऐकून तो ग्रुपवर फॉरवर्ड केला होता. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर वेळ दिसते ती फॉरवर्ड केल्याची. मूळ कधी लिहिला आणि कोणी लिहिला, ते दिसत नाही. दोन वर्षांपूर्वीचा शब्द माझ्या फोनवर त्या संध्याकाळचा होऊन आला. हजार रुपये त्याने महिन्याभराने परत पाठवले. पैशाची माझी तक्रार नाही.

इथे वडीलधारी मंडळी म्हणतात, पूर्वीचं बरं होतं. सुतार गावातलाच, तिफण बिघडली तर त्याच्या दारात जाऊन बसता यायचं. हे खरं आहे. पण बलुत्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. सुतार, लोहार, चांभार वर्षभर राबायचे आणि खळ्यावर शेतकरी जे सुपात घालेल ते घेऊन जायचे. काय काम करायचं ते जातीने ठरायचं आणि मोबदला देणाऱ्याच्या मनावर. ‘माझ्या कामाची किंमत इतकी’ असं म्हणायचा हक्क कारागिराला नव्हता. तो आज आहे. आज आपला वायरमन, आपला मिस्त्री आपला दर स्वतः ठरवतो, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. म्हणूनच ‘योग्य दर’ हे दोन शब्द वाचले की मला वाईट वाटतं. ज्या हक्कासाठी आज्याने वाट पाहिली, तो नातवाने झाकून का ठेवायचा? दर लिहा. जास्त असला तरी लिहा. ज्याला परवडेल तो येईल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. म्हणजे नियम आता भराभर सांगतो.

मेसेजमध्ये आजची तारीख लिहा, आणि तो किती दिवस खरा धरायचा तेही. स्वतःचं नाव आणि गाव लिहा. मशीन स्वतःची आहे की दुसऱ्याची आणून देणार, हे स्पष्ट लिहा. बुकिंग घेणं हाही धंदाच आहे, त्यात लाज नाही. दर कसा धरता ते लिहा, पोत्यामागे, तासावर, एकरी की ठोक्याने, आणि डिझेल कोणाचं. दुसऱ्याचा मेसेज फॉरवर्ड करायचाच असेल तर आधी त्याला फोन करून विचारा, मगच टाका.

ॲडव्हान्स घेतला तर किती आणि कशासाठी, हे ग्रुपवरच लिहा. आणि सगळ्यांनीच लक्षात ठेवा, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असं कोणी म्हटलं की फोन ठेवून द्या.

फवारणीवाल्यांना कळकळीने सांगतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना विषबाधेने वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले. कोणतं औषध, किती प्रमाणात आणि मास्क-हातमोजे कोणाचे, एवढं मेसेजमध्ये असलंच पाहिजे. बियाण्याला विक्रीचा परवाना लागतो, ग्रुपवर विकलं तरी लागतो. चोर बीटीचा, म्हणजे सरकारी मंजुरी नसलेल्या कपाशीच्या बियाण्याचा, एकही मेसेज आपल्या ग्रुपवर राहणार नाही.

आता गिऱ्हाइकांना. काम बिघडलं तर आधी फोन करा, मग घरी जा, तरी ऐकलं नाही तरच ग्रुपवर लिहा, तेही काय झालं एवढंच. मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका वाइंडिंगवाल्या पोराला ग्रुपवर चोर म्हटलं गेलं. डीपीवरून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरून, व्होल्टेज कमी येत होतं, म्हणून मोटर पुन्हा जळाली होती. त्या पोराची तीन हजारांची उधारी त्याला चोर म्हणणाऱ्याच माणसाकडे होती आणि अजून आहे. तो पोरगा आज इथे बसलेला आहे. त्याच्याकडे सगळ्यांनी एकदा बघा. (टाळ्या)

खरी फसवणूक झाली तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. ग्रुपवर कोणी काही टाकलं तर आपल्यावर येईल म्हणून ॲडमिन मंडळी घाबरतात, म्हणून हेही सांगतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, आपल्याच विदर्भातल्या गोंदिया जिल्ह्याच्या प्रकरणात, म्हटलं की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही, त्याचा त्यात संगनमताचा हात असल्याशिवाय. तेव्हा ती भीती सोडा, आणि तारीख नसलेला मेसेज काढून टाकायला कचरू नका.

दुसरी चिठ्ठी आली. ग्रंथपालांच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. ज्यांना ग्रुपवर मेसेज टाकायचा आहे, त्यांनी तो जाताना तिथे लिहून दाखवा. थ्रेशरवाल्यांनी आधी या, सोंगणी वीस दिवसांवर आली आहे.